आधी डोळे, की आधी हिशेब?

लासुर्ण्यातून मुंबईची सहल निघणार म्हटलं की यादी आपोआप तयार होते : सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू. एका दिवसात सगळं उरकायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. या खेपेला वेगळी सूचना पुढे आली : एक दिवस फक्त मुंबईच्या जुन्या इमारती पाहायच्या, त्याही पायी. सूचना करणारी पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते. तिला विरोध करणारे तिचे तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात फॅब्रिकेशन शॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले आणि गावच्या बहुतेक सहलींचे कर्तेधर्ते. दोघांचं म्हणणं इथे जसंच्या तसं मांडलं आहे, कारण हा प्रश्न एका सहलीपुरता नाही. खेड्यातल्या माणसाने महानगराच्या वैभवापुढे कसं उभं राहावं, याबद्दलचा हा वाद आहे.

तात्या : तुझा कार्यक्रम वाचला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सात-आठ इमारती, त्याही सगळ्या बोरीबंदर ते मरीन ड्राइव्ह एवढ्याच टापूत. अगं, गावातली कित्येक माणसं मुंबईला आयुष्यात एकदा-दोनदा जातात. त्यांना हाजी अली दाखवायचं नाही, जुहू दाखवायचं नाही, आणि दिवसभर दगडी भिंतींपुढे उभं करायचं, हे मला पटत नाही.

पुतणी : पण तात्या, यादीतली सगळी ठिकाणं पाहून आलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात विचारा. त्याला रस्त्यातला खोळंबा आठवतो आणि कुठे वडापाव खाल्ला ते आठवतं. बसच्या खिडकीतून इमारतीचा तळमजला तेवढा दिसतो. मुंबईतल्या चांगल्या इमारतींचं खरं काम वर आहे, छताच्या कडेला, कमानींच्या माथ्यावर. तिथे मान वर करून थांबावं लागतं.

तात्या : त्यालाही उपाय होता की. पर्यटन महामंडळाची नीलांबरी नावाची वरून उघडी दुमजली बस बरीच वर्षं फोर्टात फिरत होती. बसल्या जागेवरून घुमट दिसायचे. गुडघे दुखणाऱ्यालाही दिसायचे.

पुतणी : गुडघ्यांचा मुद्दा मी मानते, त्याची सोय आपण करू. पण आपल्या गावातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीचं रिंगण झालं की लासुर्णे, मग अंथुर्णे. गाडीने पंढरपूर काही तासांचं आहे, तरी लोक चालतात. चालणाऱ्याला वाट कळते. मला मुंबईची तेवढी एक वाट कळायला हवी आहे. आणि बस नकोच. दौंडला जाऊन रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडू. सकाळी सीएसएमटीला, म्हणजे बोरीबंदरला, उतरलो की पहिली इमारत पाहायला वेगळं जायला नको, आपण तिच्या पोटातच असू.

तात्या : ते बरं आहे. तिकिटाच्या पैशात एक इमारत फुकट.

पुतणी : आणि तीही साधीसुधी नाही. १८७८ साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा तिचा वास्तुकार. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. बाहेर येऊन रस्ता ओलांडायचा, मागे वळायचं आणि पाहायचं. मधला मोठा घुमट, त्याच्यावर हातात मशाल आणि चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती. मग नजर हळूहळू खाली आणायची. कमानींच्या सांध्यांत मोर, माकडं, पानं, फुलं. पाण्याच्या पन्हाळींना जनावरांची तोंडं. हे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. आपल्या दहावी-बारावीच्या पोरांहून थोडीच मोठी मुलं असतील ती. युरोपातली गॉथिक तऱ्हा घेतली आणि तिच्या फांद्यांवर इथले पक्षी बसवले.

तात्या : आणि फाटकाच्या खांबांवर सिंह अन् वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. मी पाहिलेत ते. मला सांग, राणीच्या नावाने बांधलेलं स्टेशन, राणीच्या देशाचा सिंह, आणि आपण लासुर्ण्याहून पोरं घेऊन जायचं ते वा वा म्हणायला? सोळा लाखांवर रुपये लागले त्या स्टेशनाला. त्या काळचे सोळा लाख! ते इंग्लंडहून आले नव्हते. रेल्वे कंपनीने तिकिटातून आणि मालाच्या भाड्यातून कमावले. दख्खनच्या रयतेच्या घामातले त्यात किती असतील, हा विचार तुझ्या कार्यक्रमात कुठे आहे?

पुतणी : तो विचार करायचाच. पण इमारत पाहण्याआधी त्याचा चष्मा लावला तर पुढचं काही दिसतच नाही. मग मोरही इंग्रजांचा आणि माकडही इंग्रजांचं होऊन जातं.

तात्या : आणि चष्मा लावलाच नाही तर नुसती छाती दडपते. राज्यकर्त्यांना तेच हवं होतं. एवढं उंच बांधायचं की खालच्या माणसाला आपण लहान आहोत असं वाटावं. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचंच घे. केव्हा पुरा झाला?

पुतणी : नोव्हेंबर १८७८. सुमारे पंचाऐंशी मीटर उंच. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं. शेजारचं हायकोर्टही त्याच साली पूर्ण झालं, कर्नल जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली. आणि बोरीबंदरच्या स्टेशनचं काम त्याच साली सुरू झालं.

तात्या : आता मी सांगतो. १८७६ ते १८७८ आपल्याकडे काय होतं? मोठा दुष्काळ. इंदापूर, भीमथडी, सोलापूर, सगळीकडे माणसं आणि जनावरं तडफडत होती. सर रिचर्ड टेंपल दुष्काळावर देखरेख करायला आला आणि त्याने दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. खडी फोडायची, माती उपसायची आणि एवढंच खायचं. लोकांनी ती मजुरी नाकारून कामावरून उठून जाण्यापर्यंत गोष्ट गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींच्या लोकांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धारेवर धरलं. आणि हाच टेंपल १८७७ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. तुझा टॉवर आणि तुझं हायकोर्ट पूर्ण झालं ते त्याच्याच अमदानीत. हे पोरांना टॉवरखाली उभं करून सांगणार का?

पुतणी : सांगायलाच हवं. टॉवरखालीच सांगायला हवं. दुसरीकडे सांगितलं तर ते नुसतं पाठ्यपुस्तक होईल.

तात्या : अजून पुढचं ऐक. प्रेमचंद रायचंदांचा पैसा कशाचा? कापसाचा. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार आला. युद्ध संपलं आणि १८६५ साली सगळं कोसळलं. मुंबईचे व्यापारी बुडाले, तसा खेड्यातला शेतकरीही बुडाला. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, मंदीत मूठ आवळली. वरून सरकारने साऱ्याची नवी आकारणी केली. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सुपे आज आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात तिथली. कापसाच्या एकाच धाग्याचं एक टोक राजाबाई टॉवरला बांधलंय आणि दुसरं सुप्याला. सुप्याच्या बाजूची माणसं टॉवर पाहायला जाणार असतील तर त्यांना हे ठाऊक हवं.

पुतणी : तात्या, एवढं तपशिलात तर आम्हाला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्या टॉवरची उभी छेद-आकृती काढली, कमानींची मापं घेतली. सुप्याचं नाव कुणी घेतलं नाही.

तात्या : म्हणून म्हणतो, आधी हिशेब.

पुतणी : थांबा. हिशेब धरायचा तर पुरा धरू. टॉवर आणि विद्यापीठाचं सभागृह यांची रेखाटनं केली सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. ते लंडनमध्ये होते. मुंबईला कधी आलेच नाहीत.

तात्या : साइट न पाहता ड्रॉइंग?

पुतणी : हो. मग उभं कुणी केलं? इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या माणसांनी आणि कारागिरांनी. टॉवरच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, ज्याच्या त्याच्या पोशाखात, पागोट्यात. ते घडवले रावबहादुर मकुंद रामचंद्र यांनी, ते स्वतः इंजिनिअर. बोरीबंदरला स्टीव्हन्सबरोबर सीताराम खंडेराव नावाचे साहाय्यक इंजिनिअर होते. ही नावं गाइड घेत नाहीत.

तात्या : ड्रॉइंग कुणाचंही असो, जुळणी करताना अक्कल लागते ती शॉपमधल्या माणसाची. आम्ही साखर कारखान्याची यंत्रं बांधली, सिमेंटच्या कारखान्याची बांधली, पुढे वालचंदनगरातून इस्रोच्या रॉकेटचे भाग गेले. कागदावर मिलिमीटर नीट असतो. लोखंड तापलं की तो सरकतो. दगडाचंही तसंच असणार.

पुतणी : तसंच. मालाड आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड एका तऱ्हेने फुटतो, आपला काळा बेसाल्ट दुसऱ्या तऱ्हेने. बारीक नक्षीला पोरबंदरचा मऊ दगड. कुठला दगड कुठे लावायचा हे लंडनमध्ये बसून कळत नाही. आणि दगड फोडणारे, घडणारे, वाहणारे कोण? कामाठीपुऱ्याला ते नाव पडलं ते तेलुगू मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठ्यांवरून. त्याच समाजातून मोठे कंत्राटदार झाले : व्यंकू बाळाजी कालेवार, जाया कराडी लिंगू, राजू बाबाजी वंजारी. हेच लोक महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतले आधार होते. फुल्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतली होती. तुम्ही म्हणता की इमारत पाहून पोरांची छाती दडपते. मी म्हणते, हे सगळं माहीत असलेल्या पोराची छाती दडपणार नाही. ते जवळ जाऊन दगडाला हात लावेल.

तात्या : मग तूही हिशेबच सांगतेस की.

पुतणी : मी नजरेतून हिशेबाकडे जाते. तो पुतळा आधी दिसला पाहिजे, त्याचं पागोटं कसं बांधलंय ते पाहून आपल्या कुणाची तरी आठवण झाली पाहिजे. मग 'हे कुणी केलं?' हा प्रश्न पोराच्या तोंडून येईल. आपण आधीच उत्तर सांगितलं तर त्याने प्रश्न का विचारावा?

तात्या : हे जरा पटतंय. पण एक विचारतो. त्याच बांधकाम खात्याने आपला नीरा डावा कालवा काढला. १८७६च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून खोदाई सुरू झाली, १८८५च्या सुमारास पाणी सुटलं. आज लासुर्ण्याच्या शिवारात ऊस उभा आहे, भवानीनगरला साखर कारखाना आहे, तो त्या पाण्यावर. हायकोर्ट बांधणारं खातं तेच, काळ तोच. मग कोर्टाला वास्तुकला म्हणायचं आणि कालव्याला नाही, असं का?

पुतणी : कारण आम्हाला शिकवलं तसं. पण तुमचं म्हणणं खरं आहे. कालव्यात रचना आहे, उताराची मोजणी आहे, मोऱ्या आहेत, पूल आहेत. पुतळे नाहीत एवढंच. सहलीची सुरुवात आपण कालव्यावर करू. आदल्या दिवशी दुपारी पोरांना कालव्यावर नेऊ आणि सांगू, हे कोणी खोदलं, किती मजुरीवर. दुसऱ्या दिवशी ती मुंबईत हायकोर्टापुढे उभी राहतील तेव्हा त्यांच्या मनात दोन्ही असतील.

तात्या : आता तू माझी झालीस.

पुतणी : अर्धी. कारण तुमच्या हिशेबात एक खातं राहिलंय. इमारत बांधवून घेणाऱ्याच्या हातात ती कायम राहत नाही. हायकोर्ट इंग्रजांनी न्यायाचा दरारा बसावा म्हणून बांधलं. १९०८च्या जुलैत तिथल्या मधल्या कोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली. आज त्याच दालनाबाहेर टिळकांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. पुढे याच कोर्टात बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली केली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे होते. बाबासाहेबही त्याच विद्यापीठाचे पदवीधर. गेटवे ऑफ इंडिया राजाराणीच्या स्वागताची आठवण म्हणून बांधला, १९२४ साली खुला झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ला इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बोटीवर चढून गेली. येण्यासाठी बांधलेल्या दारातून ते गेले. हे तुमच्या वहीत जमेच्या बाजूला लिहायला हवं.

तात्या : लिहितो. पण गेटवे तुझ्या यादीत नव्हता.

पुतणी : नव्हता, गर्दीमुळे. आता घेऊ.

तात्या : घ्यायलाच हवा. अगं, आपल्याकडच्या माणसाला समुद्र पाहायचा असतो. कुसळाच्या मुलखातला माणूस तो. त्याला पाणी म्हणजे कालव्याची पाळी आणि उजनीचा फुगवटा. समुद्रापुढे तो पाच मिनिटं बोलत नाही. ते मी दर सहलीत पाहिलंय. तुझ्या दगडांपुढे गप्प बसायला तू शिकवणार, समुद्रापुढे शिकवावं लागत नाही.

पुतणी : मग दिवसाचा शेवट समुद्रावर करू, पण त्याच्याआधी ओव्हल मैदान. ही जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं. पूर्वेला विद्यापीठ, हायकोर्ट : दगड, टोकदार कमानी, मनोरे. १८६०च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना फोर्टची तटबंदी पाडली, त्या मोकळ्या जागेमुळे ही रांग उभी राहिली. मग गर्रकन पश्चिमेला वळायचं. तिकडे १९३०च्या दशकातली घरं : सिमेंट काँक्रीट, गोल वळणाचे सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे लांब छज्जे, जाळ्यांवर उगवता सूर्य. ही आर्ट डेको तऱ्हा. समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर उभी राहिलेली. दोन्ही मिळून चौऱ्याण्णव इमारती २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. एकाच मैदानावर दोन शतकं समोरासमोर.

तात्या : त्यात आपल्याला घेण्यासारखं काय? ती श्रीमंतांची घरं.

पुतणी : सरकारी रुबाब गेला आणि राहणारं माणूस आलं, हे घेण्यासारखं. पूर्वेकडच्या इमारती राज्यकर्त्यांनी बांधवल्या. पश्चिमेकडच्या बहुतेक इथल्या लोकांनी स्वतःसाठी बांधल्या आणि त्या रचणारे बरेच वास्तुकारही इथलेच. गजानन बाबूराव म्हात्रे यांनी तिथली एम्प्रेस कोर्ट केली, मरीन ड्राइव्हवरची सूना महाल केली. त्यांचे छज्जे पाहा : ऊन आत येत नाही, पाऊस आत येत नाही, वारा येतो. आपल्याकडे आता घरकुलापासून बंगल्यापर्यंत काचा लावायची हौस आलीय, आणि मग उन्हाळ्यात पंखा पुरत नाही. हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने जाऊन पाहण्यासारखं आहे. पूर्वेकडेही तेच : गॉथिक ही थंड देशातली तऱ्हा, पण इथे तिला रुंद व्हरांडे जोडले. उन्हाशी तडजोड करावीच लागली.

तात्या : हे उपयोगाचं. असं सांगितलंस तर बायकासुद्धा ऐकतील, घर बांधताना स्वयंपाकघरातल्या उकाड्याचा विचार त्यांनाच करावा लागतो. बरं, मैदानावरून गेटवेकडे जाताना काळा घोड्यावर ती लोखंडी इमारत लागते, ती घेतलीस का?

पुतणी : वॉटसन हॉटेल? एस्प्लनेड मॅन्शन? तुम्हाला ती ठाऊक आहे?

तात्या : ठाऊक म्हणजे? मी तिच्यासमोर तासभर उभा होतो एकदा. लोक मला चल चल म्हणत होते. बिडाचा सांगाडा आहे तो. इंग्लंडात ओतला, सुटा करून जहाजातून आणला आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडला. खांब, तुळया, कठडे, सगळं खूण घालून आणलेलं असणार, नाहीतर इथे मेळ बसणार कसा? आम्ही यंत्राचे भाग असेच मोठ्या गाड्यांवरून पाठवायचो. बीड ओढ सहन करत नाही, दाब सहन करतं, म्हणून खांबाला चालतं. तुळईला जपावं लागतं. ते गणित त्यांनी कसं बसवलं हे पाहत होतो. तिथेच १८९६च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं पहिल्यांदा दाखवली, हेही नंतर कळलं. अशा इमारतीची पुढे काय दैना झाली, ते पाहून वाईट वाटतं.

पुतणी : तात्या, तुम्ही तासभर उभे राहिलात तेव्हा मालक कोण, पैसा कुणाचा, हे मनात होतं?

तात्या : नव्हतं. सांधे पाहत होतो.

पुतणी : मी एवढंच म्हणतेय. तुम्हाला ज्याची जाण होती तिथे तुमचे पाय आपोआप थांबले. आर्किटेक्टच्या डोळ्याने नाही, फॅब्रिकेटरच्या डोळ्याने थांबले. आपल्या बरोबरच्या प्रत्येकाकडे असा एक डोळा असतो. गवंड्याला दगडाचे थर दिसतील, सुताराला दारं दिसतील, शिवणकाम करणाऱ्या बाईला पुतळ्याच्या अंगावरच्या कापडाच्या चुण्या दिसतील. त्यांना आधी त्यांचं पाहू द्या. त्यानंतर तुमचा दुष्काळ, सुपे, टेंपल सगळं सांगा. तुमचा हिशेब त्यांच्या डोक्यात बसेल तो त्यामुळे.

तात्या : मी त्या लोखंडापुढे जे केलं ते बाकीच्यांना दगडापुढे करू द्यायचं, असं म्हणतेस. हे मान्य. पण माझीही एक अट. हिशेबाशिवाय कुणालाही परत आणायचं नाही. नाहीतर माणूस घरी येऊन सांगतो, काय ती मुंबई, आपल्याकडे काय आहे! आपल्याकडे पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे, धरणाचं पाणी ओसरलं की शिखर वर येतं. नीरा-नरसिंहपूरला संगमावर नरसिंहाचं मंदिर आहे. लोणी भापकरला यादवकाळातली दगडी कामं आहेत. त्यांना पाहायला या तालुक्यातली किती माणसं जातात?

पुतणी : फार नाही. पण त्याचं कारण मुंबई पाहिली हे नाही. पाहायची सवय कधी लागलीच नाही, हे आहे. एक दिवस मान वर करून पाहायला शिकलेलं पोर नरसिंहपूरला गेलं की नुसता नारळ फोडून परतणार नाही. दगडावर दगड कसा टिकला, हे विचारील.

तात्या : आणि अजून एक ठिकाण माझ्याकडून. बॅलार्ड इस्टेट. वालचंद हिराचंदांचं कन्स्ट्रक्शन हाऊस तिथे आहे, रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. गोदी खणताना निघालेल्या भरावाने ती जमीन केली, आणि गेटवेचा वास्तुकार जॉर्ज विटेट यानेच तो सगळा भाग आखला. कळंबच्या माळावर वालचंदनगरचा कारखाना काढणाऱ्या माणसाची मुंबईतली कचेरी आपल्या लोकांनी पाहिली नाही तर काय पाहिलं? आपल्या भागाचा पैसा फक्त मुंबईकडे गेला असं नाही, मुंबईचं भांडवलही एकदा आपल्या माळरानावर आलं होतं. तेही जमाखर्चात आलं पाहिजे.

पुतणी : ती सीएसएमटीहून जवळच आहे. सकाळीच घेऊ, ऊन चढायच्या आत.

तात्या : आता म्हाताऱ्यांचं सांग.

पुतणी : प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये बसायची जागा शोधून ठेवते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टॅक्सी. अंतरं लहान आहेत, खर्च वर्गणीत घालू. स्वच्छतागृहं आधी पाहून ठेवायची, बायकांसाठी ते सगळ्यांत आधी. दुपारचं जेवण मैदानाच्या कडेला सावलीत, भाकरी-चटणी घरूनच. टॉवरवर चढायला मिळत नाही, म्हणून तो ओव्हलवरूनच पाहायचा. कोर्टात आत जायचं ते परवानगी मिळाली तर. नाही मिळाली तर बाहेरून. क्रम असा : बोरीबंदर, बॅलार्ड इस्टेट, मग फोर्टातून काळा घोडा आणि तुमची लोखंडी इमारत, दुपारी ओव्हल, तिथून गेटवे, आणि सूर्य मावळताना मरीन ड्राइव्ह.

तात्या : जुहू गेलं, हाजी अली गेलं.

पुतणी : गेलं. पुढच्या वर्षी.

तात्या : लोक कुरकुरतील. मी समजावतो. पण पोरांना नुसतं पाहा म्हणून सोडू नकोस. त्यांच्या हातात प्रश्न दे. प्रत्येक इमारतीपुढे पाच : ही कुणाला हवी होती? रचली कुणी? बांधली कुणी? पैसा कुणाचा? आणि आज इथे कोण येतं-जातं? कालव्यावर हेच पाच विचारू, बोरीबंदरला हेच, गावातल्या नव्या सभामंडपालाही हेच विचारू.

पुतणी : सहावा माझा, आणि तो पहिला विचारायचा : इथे उभं राहून तुला काय दिसलं? पाच मिनिटं कुणीही काही सांगायचं नाही, गाइडने नाही, तुम्ही नाही, मीही नाही.

तात्या : पाच मिनिटं गप्प राहतो. सहाव्या मिनिटाला मात्र टॉवरखाली सुप्याचं नाव मी घेणार.

पुतणी : घ्याच. ते घ्यायला लासुर्ण्याहूनच कुणीतरी यायला हवं होतं.